उपासनं काम

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोन बाया. भाजी-वरणाची लताबाई आणि भाकरीची गुंताबाई. लताबाई बोलते आणि गुंताबाई ऐकते, ही कामाची दुसरी वाटणीसुद्धा त्यांच्यात मी येण्याआधीच होऊन गेलेली होती. मी इथली गृहपाल. नाव प्रमिला, पण धुळ्यात आल्यापासून सगळ्यांची अक्का. स्वभावाने तिखट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला माझ्या पाठीमागे सांगायचे कष्ट नकोत.

देवपुरातली ही इमारत जुनी. साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवरून मुली इथे राहून शिकतात. त्यांना पोळी चालत नाही असं नाही, पण पोळी खाऊन उठलेली मुलगी 'जेवले' म्हणत नाही, 'खाल्लं थोडं' म्हणते. भाकरच लागते. सकाळी शाळा-कॉलेजला निघण्याआधी आणि संध्याकाळी दिवे लागले की. परातीतलं पीठ संपतच नाही असं वाटावं इतक्या भाकरी, आणि त्या सगळ्या एका बाईच्या दोन तळव्यांखालून जायच्या. संस्थेने एकदा भाकरीचं यंत्र आणायचं ठरवलं होतं. ते ठरवणं अजून चालू आहे.

गुंताबाईचं वय विचारलं तर बहात्तरच्या दुष्काळात आपण आईच्या पोटात होतो, एवढंच तिला ठाऊक. अंगाने काटकुळी. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग, काही काळे, काही पांढरे पडून गेलेले. "थकलीस का गं?" विचारलं तर "नही वं अक्का" हे उत्तर ठरलेलं. पण पाटावरून उठताना आधी एक हात फरशीवर, मग दुसरा भिंतीवर, मग तोंडातून "येशू", आणि मग कुठे बाई उभी. तिचं "नही" खरं की हे उठणं खरं, ते मी न विचारताच समजून घेतलं होतं.

ती ख्रिस्ती. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची भिल्ल. नवरा सिंगा आमच्याकडे राखणदार होता. तरुणपणी तो प्यायचा, आणि प्यायला की हिच्यावर हात टाकायचा. पाड्यावर येणाऱ्या एका म्हाताऱ्या पाळकाच्या नादाने त्याची दारू सुटली आणि मग दोघंही 'प्रभूत आली'. हा तिचा शब्द. पुढे छातीच्या दुखण्याने सिंगा गेला. फाटकाजवळच्या खोलीत ती एकटी राहिली. मूलबाळ नाही, पाड्यावर तिचं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही. ती खोली नोकरीसोबत मिळालेली, नोकरी गेली की खोलीही जाणार, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

सकाळी भट्टीसमोर बसली की ती आधी डोळे मिटायची. ओठ हलायचे. मग पहिला गोळा परातीत. रविवारी हे डोळे मिटणं जरा लांबायचं, कारण रविवारी साक्री रोडला तिच्या लोकांची प्रार्थना असते आणि ती नेमकी भाकरीच्याच वेळेला. मुलींना रविवारी काय भूक लागत नाही? उलट जास्त लागते. त्यामुळे दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर गुंताबाईला तिकडे जाणं जमायचं नाही.

ती उपाशी काम करते हे मला कळलं एका एकादशीला. मी साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर दोन केळी असा माझा कडक उपास घेऊन बसले होते. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, त्यातली मी. स्वयंपाकघरात डोकावून म्हटलं, "गुंताबाई, ये गं, घासभर खिचडी घे."

"काम व्हवू दे, अक्का."

"मग चहा तरी घे."

ती नुसतीच हसली. लताबाई वांगी चिरता चिरता म्हणाली, "ती काही खानार नही. भाकरी व्हतस तोपावत नुसतं पानी पेस."

"कधीपासून?"

"पहिलेपाईन."

म्हणजे आदल्या संध्याकाळी खाल्लेलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी धुऊन झाल्यावर पुन्हा तोंडात काही. तेही टोपलीच्या तळाशी राहिलेली गार भाकर आणि उरलेला रस्सा, संध्याकाळीही तेच. मला वाटलं, नवस असेल. आमच्याकडे कुणी वांगं सोडतं, कुणी पायात चप्पल घालत नाही, तसं हिचं काहीतरी. देवाच्या व्यवहारात मी पडत नाही. चिडवलं मात्र.

"तुमच्यात उपास असतात का गं?"

"ऱ्हातस ना. शुक्रवारले."

"मग तुझ्या आठवड्याला सात शुक्रवार का?"

यावरही ती हसली आणि भाकर उलटली. तव्यापुढे बसलेली बाई हसली की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जास्तच दिसतात. मी माझ्या खिचडीकडे परत गेले.

गेल्या वर्षी वसतिगृहात आरोग्य तपासणी झाली. मुलींचं रक्त तपासायला आलेल्या लोकांनी जाता जाता आम्हा तिघींचंही तपासलं. लताबाई ठणठणीत निघाली, याचं तिला स्वतःलाच वाईट वाटलं, कारण तिला सुट्टी हवी होती. माझं बीपी सगळ्यांना आधीपासून माहीतच होतं. गुंताबाईची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी खाऊन झाल्यावर घ्यायची. तिने गोळी अगदी नेमाने घेतली, एक दिवस चुकवली नाही. फक्त त्यातलं 'खाऊन झाल्यावर' तेवढं सोडून दिलं.

आणि मग एका सकाळी, होळीनंतरचं ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, लताबाईची किंकाळी आली. मी धावत गेले तर गुंताबाई पुढे कलंडलेली, डावा हात तव्यावर, आणि लताबाई तिला खांद्याला धरून मागे ओढतेय. अंग घामाने ओलं आणि गार. आम्ही तिला फरशीवर निजवली. जरा हुंकार देऊ लागली तशी साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. डोळे उघडल्यावर तिने पहिलं विचारलं ते तव्यावरच्या भाकरीचं.

"जळाली," मी ओरडले. "भाकर जळाली आणि हातही जळाला. समाधान झालं?"

डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधली आणि मला बाजूला घेतलं. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की साखर एकदम खाली येते, म्हणाले. आज हात पडला, उद्या तोंड पडेल. एक तर खाऊन काम, नाहीतर काम बंद. गोळी सोडायचा विचारही करायचा नाही. मी म्हटलं, साधी गोष्ट आहे, दोन घास खायचे आहेत, त्यात काय. डॉक्टरांना काय माहीत आणि मलाही काय माहीत!

परत आल्यावर मी तिला तिच्या खोलीत बसवलं आणि सरळ सांगितलं. ती पट्टीवरून बोट फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग गोयी सोडी देस मी, अक्का."

"आणि साखर?"

"साखर देव दखी."

"देवच सगळं बघणार होता तर त्याने डॉक्टर कशाला केले? गुंताबाई, दोन घास खाल्ले तर कोणता देव रागावणार आहे गं तुझ्यावर?"

"राग नही वं." तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "पन मंग ते नुसतं काम व्हई जाई. आते ते उपासनं काम शे."

नुसतं काम. मला राग आला. तीस वर्षं मी नुसतं कामच करत आलेय आणि माझं काही अडलेलं नाही. हिच्या कामाला काय सोनं लागलंय? पण ती ते वाक्य इतक्या थकलेल्या आवाजात बोलली होती की मला नेहमीसारखं फटकन उलट बोलता आलं नाही. त्या खोलीत एक खाट, एक पेटी, भिंतीवर सिंगाचा फोटो आणि एक कॅलेंडर. या बाईकडे आपलं असं एवढंच, आणि ते उपासनं काम. तेही मी काढून घ्यायला निघाले होते.

"हे तुला सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"कुंदन पाळकसाहेबनी. माले रविवारले येवाले भेटत नही ना. तव्हय त्यासनी सांगं."

मग मात्र माझा राग कुठे न्यायचा ते मला नीट कळलं.

साक्री रोडला टायरच्या दुकानामागे त्यांचा पत्र्याचा हॉल आहे. कुंदन पाळक बाहेरच भेटला, मोटरसायकलच्या चाकातला चिखल काडीने काढत होता. चाळीशीचा माणूस, चाळीसगावचा, शिकलेला नगरला. मी रिक्षातून उतरले आणि बसायच्या आधीच सुरू झाले.

"तुम्ही आमच्या बाईला उपाशीपोटी काम करायला सांगितलंत? तिला साखर झालीय. ती तव्यावर पडली. मेली असती तर तुम्ही आला असता भाकरी थापायला?"

तो घाबरून उभा राहिला. "मी? कुणाला सांगितलं?"

"गुंताबाईला."

"मॅडम, मी कुणालाही असं सांगणार नाही. उपासप्रार्थना शुक्रवारी असते, तीही ज्याला झेपेल त्याने. आजारी माणसाला तर मीच सांगतो की खा."

"मग ती खोटं बोलते का?"

"गुंताताई? नाही." तो विचार करायला लागला. खोटं बोलणारी बाई ती नव्हे, यावर आमचं दोघांचं एकमत होतं, आणि तीच अडचण होती. मग त्याला आठवलं. तो नवीनच धुळ्यात आला होता तेव्हा ती त्याला आमच्या फाटकाशी भेटली होती. रविवारची प्रार्थना बुडते म्हणून रडत होती. "मोटरसायकल चालूच होती. डोक्यावर हेल्मेट तसंच. मला नरडाण्याला वेळेत पोहोचायचं होतं. मी एवढंच म्हणालो, ताई, वाईट वाटून घेऊ नका. काम हीच उपासना."

"पुन्हा म्हणा."

"काम हीच उपासना."

मी जळगावकडची. आमची यावल-रावेरकडची बोली निराळी. धुळ्यात आले तेव्हा अहिराणीतलं मी पहिल्यांदा शिकले ते हे ना, नी, नं. आपण घराचा म्हणतो, इथे घरना. शेताची, तर शेतनी. घराचं काम, तर घरनं काम. मुलींच्या तोंडी दिवसभर तेच ऐकत असते मी. मग उपासना म्हणजे काय झालं? उपासाचा. आणि काम असेल, तर उपासनं.

"पाड्यावर तुमच्या रविवारच्या प्रार्थनेला काय म्हणतात हो?" मी विचारलं.

"पाड्यावर? संगती म्हणतात."

"उपासना नाही म्हणत?"

"नाही. तो आपला शहरातला शब्द."

"आणि शुक्रवारची?"

"तिला उपास..." एवढं बोलून तो थांबला. मोटरसायकलचा आवाज, डोक्यावर हेल्मेट, रडणारी बाई आणि तिने कधीच न ऐकलेला शब्द. त्याने सांगितलं, तुझं काम हीच देवाची प्रार्थना. तिने ऐकलं, तुझं काम उपासाचं. तो तिथेच एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मीही बसले. माझे पाय दुखत होतेच.

तो म्हणाला, "मॅडम, हे वाक्य मी सगळ्यांना सांगतो. रिक्षावाल्याला सांगतो, शिवणकाम करणाऱ्या बायांना सांगतो. सोपं वाक्य आहे. चार ठिकाणच्या प्रार्थना-मंडळ्या आणि एक मोटरसायकल. चौथ्या गावाला पोहोचेपर्यंत मी काय बोलतो ते माझं मलाच ऐकू येत नाही." त्याचे डोळे लाल होते, झोप नसलेल्या माणसाचे. माझा राग तेवढ्याने ओसरायला नको होता, पण ओसरला.

"आता ते तिला सांगायचं कसं?" तो म्हणाला. "इतकी वर्षं ती..."

"तुम्ही सांगा. मी सांगितलं तर माझ्या तोंडून ते चांगलं बाहेर येणार नाही."

तिचा हात बरा होईपर्यंत मुलींनी लताबाईच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या आणि लताबाईच्या तोंडच्या शिव्याही. गुंताबाईला मी बजावलं होतं, पाळकसाहेब येऊन जाईपर्यंत तव्याजवळ फिरकायचं नाही. पण ज्या सकाळी तो यायचा होता त्या सकाळी मी उठून पाहते तर बाई आपल्या पाटावर. भट्टी पेटलेली, पीठ मळलेलं, पहिल्या भाकरी टोपलीत. पोटात अर्थातच काही नाही. मी लताबाईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

पाळक आला. चप्पल बाहेर काढून आत आला आणि गुंताबाईसमोर फरशीवरच बसला. त्याने तिला सगळं सांगितलं. शब्द कसा होता, तिने कसा ऐकला, त्याचं चुकलं कुठे. त्याने हेल्मेटचीही गोष्ट सांगितली. काहीच सोडलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. गुंताबाई ऐकत होती आणि तिचे हात चालूच होते. थाप, थाप, थाप, आणि भाकर तव्यावर.

त्याचं बोलून झालं. तिने भाकरीवर पाणी फिरवलं. मग विचारलं, "मंग लताबाईनं काम?"

"तेही तसंच, ताई."

"ती तं च्या पेस, टोस खास, मंग चुल्हा पेटाडस."

"पोट भरून केलेलं कामही देवाला पोहोचतं."

लताबाईला हे पटलं नाही. "मना खावाना इषय कसाले काढस वं?" ती गुंताबाईवर गुरगुरली, आणि मग पाळकाकडे वळून म्हणाली, "आनि मनं काम तुमना देवले कसाले देतस, साहेब? मना देव काय मरी गया का?"

पाळक गोंधळला. एरवी मी पोट धरून हसले असते. पण गुंताबाई हसली नव्हती. मला वाटलं होतं, ती सुटले म्हणेल. बाई, आता खायचं, आता मरायचं नाही, असं म्हणून उठेल. तसं काहीच झालं नाही. तिने उलथणं खाली ठेवलं, आणि तिचे हात पहिल्यांदाच थांबले.

"मंग मी काय दिधं देवले?" ती म्हणाली.

मग हळूहळू, एकेक शब्द पुढे ढकलत बोलत राहिली. "भाकर पोरी खातस. पगार माले भेटस. पीठ संस्थानं, ग्यास संस्थाना. मनी म्हनावाले भूकच शे. तीच मी देस."

"देवाला तुमची भूक नको होती, ताई," पाळक म्हणाला. त्याने हे मायेनेच म्हटलं. पण लग्नघरात आपला आहेर परत आलेल्या बाईचा चेहरा मी पाहिलेला आहे, तसा गुंताबाईचा चेहरा झाला. देवाला नको होती तर इतकी वर्षं ती सकाळी घेत कोण होतं? मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग काढायला कुणी सापडेना. तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास यायला लागला. लताबाईने ती पटकन काढून बाजूला टाकली.

पाळकाने टोपलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, पिंपळनेरहून निघालो तो तसाच आलो. वाटेत काही खाल्लं नाही. मला एक भाकर देता का?"

भुकेल्या माणसाला गुंताबाई नाही म्हणूच शकत नाही. तिने गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं, उलटला, आणि शेवटी जाळावर धरला. भाकर टम्म फुगली. लताबाईने रागारागाने का होईना, मिरचीचा ठेचा वाटीत काढून पाळकापुढे सरकवला. त्याने भाकर हातात घेतली, डोळे मिटले, दोन शब्द पुटपुटला, आणि भाकर मधोमध मोडली. एक अर्धी स्वतःकडे ठेवली आणि दुसरी तिच्यापुढे धरली.

ती नुसती बघत राहिली. भाकरीतून वाफ निघत होती. त्याची बोटं भाजत असणार, पण त्याने हात मागे घेतला नाही. परसदारी मुलींच्या बादल्यांचा आवाज चालू होता. गुंताबाईने आधी आपले पिठाचे हात पदराला पुसले. मग भाकर घेतली.

पहिला घास तिने ठेचा न लावताच खाल्ला. सावकाश चावला. मग दुसरा. मग हातातली भाकर पालटून तिने खालच्या बाजूने पाहिली, पापुद्रा बोटाने दाबला.

"लताबाई," ती म्हणाली, "मनी भाकर अशी लागस?"

"गरम शे म्हनीसन," लताबाई म्हणाली. तिचा आवाजही जरा खाली आला होता.

"गोड लागस वं."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलंही नाही, हातात भाकर होती म्हणून असेल. ती माझ्याकडे वळली.

"अक्का, पोरीसले रोज अशीच भेटस का?"

"रोज," मी म्हटलं. "दोन्ही वेळेला."

तिने मान हलवली. मग ती अर्धी भाकर तिने बसल्या जागी सगळी खाल्ली, लताबाईने पुढे केलेली गोळी घेतली, आणि परात पुढे ओढली.